असं का? : पंगतीतलं शेवटचं पान

ऑक्टोबर उजाडला की नाशिक, नगर आणि मराठवाड्यातल्या बातम्यांत एकच आकडा घोळू लागतो: जायकवाडी 65 टक्के भरलं का? नाही भरलं तर काय?

गोदावरीचं खोरं म्हणजे लांबलचक पंगत. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा या धरणांची पानं आधी लागतात, पैठणचं जायकवाडी नंतर. पाऊस तोकडा पडला की खालपर्यंत वाढप्याचं रिकामं भांडंच येतं. 2005 च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, आणि 2014 मध्ये त्याने या पंगतीचा हिशेब लावून दिला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांनी आपापल्या साठ्यानुसार पाणी सोडायचं. तारीख ऑक्टोबरची, कारण तोवर पावसाळा आटोपतो आणि वर्षभराची पुंजी कळते.

खरी गंमत पाणी सोडल्यावर. भांडण टक्क्यांवर होतं, पण मला वाटेतली तूट जास्त महत्त्वाची वाटते. कोरा माठ पहिलं पाणी स्वतःच पितो ना, तसंच कोरड्या नदीचं. वाळू पिते, ऊन पितं, काठावरच्या मोटारी तर पितातच. बारीक धार सोडली तर ती मध्येच जिरून जाईल. म्हणून थोड्या दिवसांत मोठा विसर्ग सोडतात. त्याआधी कर्मचारी कोल्हापुरी बंधाऱ्यांवर जाऊन एकेक फळी उपसून काढतात, आणि काठावरच्या पंपांची वीज बंद होते. एवढं करूनही पैठणला पोहोचतं ते सोडल्यापेक्षा कमीच.