मेक्सिकन जेवण : चवही, आरोग्यही
मेक्सिकन जेवण म्हटले की तळलेला टाको व त्यावर वितळलेले चीज डोळ्यांसमोर येते. हे रूप बव्हंशी शेजारच्या अमेरिकेत घडले. मूळ मेक्सिकन ताट मका, राजमा, भोपळा व मिरची यांचे. तेथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्यामुळे त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला, ही रीत मात्र नेली नाही आणि मक्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा जडला!

म्हणून आम्ही सुचवू की, मक्याची तोर्तिया तळू नये, तव्यावर भाजावी, राजमा उकडावा, चीजऐवजी टोमॅटो, कांदा, कोथिंबीर व लिंबाचा साल्सा सढळ हाताने वाढावा. गोड शीतपेय मात्र नकोच. खुद्द मेक्सिकोने २०१४ पासून त्यावर कर बसविला. २०१६ मध्ये तर मधुमेहापायी तेथे आरोग्य-आणीबाणी जाहीर करावी लागली.