अथी पठारावरचे अखिल आफ्रिकी घर

नैरोबीच्या आग्नेयेस अथी पठारावर, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला उभे असलेले ‘आफ्रिकन हेरिटेज हाऊस’ हे खासगी संग्रहालय आहे, तसेच आधी नोंदणी करून येणाऱ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय असलेले छोटे अतिथिगृहही आहे. मात्र कलावस्तूंनी सजवलेले हॉटेल असे त्याचे वर्णन केल्यास क्रम उलटा होतो. येथे संग्रह आधी जमला आणि त्याला सामावून घेण्यासाठी घर नंतर बांधले गेले.

हे घर बांधणारे ॲलन डोनोव्हन हे अमेरिकी गृहस्थ बियाफ्राच्या युद्धकाळात मदतकार्यासाठी नायजेरियात आले आणि 1970 मध्ये केनियात पोहोचले. तुर्काना या पशुपालक जमातीच्या वस्तूंचे प्रदर्शन त्यांनी नैरोबीत भरवले, आणि त्यातूनच जोसेफ झुझार्ते मुरुंबी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई आणि शालेय शिक्षण बंगळूर व बळ्ळारी येथे, अशी पार्श्वभूमी असलेले मुरुंबी 1966 मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पण गोमंतकीय वंशाचे त्यांचे सहकारी पियो गामा पिंटो यांची 1965 मध्ये हत्या झाल्यापासून राजकारणावरचे त्यांचे मन उडाले होते आणि काही महिन्यांतच ते पदावरून दूर झाले. पुढे या दोघांनी नैरोबीत ‘आफ्रिकन हेरिटेज’ हे कलादालन काढले. एका जमातीपुरते वा एका देशापुरते न राहता साऱ्या खंडाची कला एका छपराखाली मांडावी, हा अखिल आफ्रिकी विचार त्यामागे होता.

घराच्या रचनेतही तोच विचार दिसतो. बाह्यरूप मालीतील जेन्ने येथील मातीच्या मशिदी आणि उत्तर नायजेरियातील हौसा घरे यांच्या धर्तीवरचे आहे, तर अंतर्भागावर पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली घरांची छाप आहे. संग्रहातील वस्त्रे विशेष निरखून पाहावीत अशी आहेत. मालीच्या ‘बोगोलान’ कापडाला आधी पानांच्या काढ्याचा पिवळा रंग देतात आणि त्यावर आंबवलेल्या चिखलाने रेखाटन करतात. पानांतील टॅनिन व चिखलातील लोह यांच्या संयोगाने पक्का काळा रंग उमटतो. काँगोतील ‘कुबा’ वस्त्र पुरुष राफिया ताडाच्या तंतूंनी विणतात, आणि स्त्रिया त्यात धागे ओवून ते इतके आखूड कातरतात की मखमलीचा भास व्हावा.

असे मिश्र घर आफ्रिकेच्या कोणत्याही गावात सापडणार नाही, आणि हा आक्षेप खराच आहे. मसाईंच्या या पठारावर मालीची घडण उपरी वाटते. परंतु गोमंतकीय-मसाई मुरुंबींच्या सहवासात रुजलेल्या कल्पनेकडून एका परंपरेच्या शुद्धतेची अपेक्षा धरणेही गैरच. शिवाय घर वापरात असल्याचा लाभ मोठा आहे. मुथैगा येथील मुरुंबींचे घर सरकारने अभ्याससंस्थेसाठी घेतले, पण संस्था झालीच नाही आणि घर जमीनदोस्त झाले. नैरोबीतील कलादालनही 2003 मध्ये बंद पडले. पाहुण्यांनी राबते ठेवलेले हे घर मात्र टिकले. नव्या प्रमाणमापी लोहमार्गाच्या आखणीत तेही पाडले जाण्याची भीती होती, पण 2016 मध्ये केनियाने त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. 2021 मध्ये निधन पावलेल्या डोनोव्हन यांना हा निर्णय हयातीतच पाहायला मिळाला.