अलॉय चाकांची चमक का उतरते?

पावसाळा सरला की गोव्यातील अनेक मोटारींच्या चाकांवर त्याच्या खुणा दिसू लागतात. हौसेने बसवून घेतलेल्या अलॉय चाकांच्या पारदर्शक लेपाखाली किडीने वाट कोरावी तशा पांढुरक्या, वेड्यावाकड्या रेषा उमटतात. नटांभोवतीचा रंग फुगतो, कडांचे पापुद्रे सुटतात. मालक त्याला गंज म्हणतात. प्रत्यक्षात लोखंडासारखा तांबडा गंज ॲल्युमिनियमवर चढत नाही. परंतु त्याचीही झीज होते. ती कशी होते हे उमगले, तर खरेदीच्या वेळीच बरेच नुकसान टाळता येते.

बहुतेक अलॉय चाके ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प मॅग्नेशियम मिसळून ओतलेली असतात. हवेशी संपर्क येताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड नेमका हाच थर भेदते. म्हणून वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या किनारपट्टीवर चाकावरील लेपाचा दर्जा ही केवळ दिसण्याची बाब राहत नाही.

लेपाखालचे न दिसणारे काम

चांगल्या कारखान्यात चाक प्रथम तेलकटपणा काढून धुतले जाते. मग त्यावर रासायनिक प्रक्रिया करून लेप घट्ट धरणारा थर चढवतात. त्यानंतर विद्युतभारित पावडरचा लेप देऊन चाक भट्टीत भाजले जाते, आणि शेवटी रंग व पारदर्शक लेप येतो. स्वस्त चाकांत काटकसर होते ती बहुधा पहिल्या दोन टप्प्यांत, कारण ती दुकानात डोळ्यांना दिसत नाही. धारदार कडेवर लेप पातळ बसतो आणि झीज तेथूनच सुरू होते. त्यामुळे आऱ्यांच्या मागील बाजूच्या कडा गोलसर आहेत का, नटांच्या भोकांत आणि आतल्या बाजूला रंग एकसारखा आहे का, हे बोट फिरवून पाहावे.

सध्या पसंतीस उतरणाऱ्या ‘डायमंड कट’ चाकांचा दर्शनी भाग रंग दिल्यानंतर लेथवर कातून चकचकीत केलेला असतो. त्या उघड्या धातूवर संरक्षण असते ते फक्त पारदर्शक लेपाचे. एखादा खडा उडून लेपाला टवका गेला की ओलावा आत शिरतो आणि त्या पांढऱ्या रेषा पसरू लागतात. अशी चाके पुन्हा कातून घेता येतात, पण दर वेळी धातू कमी होतो. क्रोमचा मुलामा फुटल्यास खाऱ्या पाण्यात त्याखालचे ॲल्युमिनियम आधी झिजते आणि मुलामा सोलून निघतो. अशा हवामानात पूर्ण पावडर कोटिंग केलेले साधे चाक अधिक काळ टिकते.

चमक वेगळी, ताकद वेगळी

साधे ओतीव चाक सर्वांत स्वस्त असते. ‘फ्लो फॉर्मिंग’मध्ये ओतीव चाकाची रिम तापवून रुळांच्या दाबाखाली ताणली जाते, त्यामुळे ती कमी वजनात अधिक मजबूत होते. घडीव, म्हणजे फोर्ज्ड चाक सर्वांत भक्कम आणि सर्वांत महाग. मोठे चाक आणि कमी उंचीचा टायर असला की खड्ड्याचा आघात थेट रिमवर येतो. चाकाची ताकद उष्णताप्रक्रियेतून आलेली असते; तडा वेल्डिंगने बुजवला तर सभोवतालच्या धातूतील ती ताकद कमी होते, मग वरून रंग कितीही सुबक दिला तरी.

खरेदी करताना चाकाच्या मागे निर्मात्याचे नाव, भारक्षमता, भारतीय मानक आयएस १६१९२ किंवा जपानच्या जेडब्ल्यूएल मानकाचा ठसा पाहावा. ठसा नकलीही असू शकतो. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी रंगालाही आहे की केवळ धातूला, हे लेखी विचारून घ्यावे. नटांच्या भोकांचे अंतर, हबचे माप आणि ऑफसेट मोटारीशी जुळलेच पाहिजेत.

निगा

समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर चाके थंड होऊ द्यावीत, मग साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावीत. आम्लयुक्त क्लीनर वापरू नये. चाकांवरचे तांबूस ठिपके हे बहुतेकदा ब्रेकमधून उडालेल्या लोहकणांचे असतात. ते साचू दिल्यास लेपात रुततात. टवका दिसताच तो बुजवावा. नट हवेच्या गनने करकचून न आवळता टॉर्क रेंचने आवळून घ्यावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

एकाच टायरमधील हवा वारंवार उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर टायर काढून रिमची आतली बाजू तपासून घ्यावी. तेथे तडा आढळल्यास ते चाक स्टेपनी म्हणूनही जवळ ठेवू नये.