हुंगून ओळखायचा कांदा

इंग्लंडला मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तिथला मार्च महिना वेड लावतो. कालपर्यंत ओक्याबोक्या दिसणाऱ्या हिरवळीतून पिवळी-पांढरी फुले वर येतात. डॅफोडिल, स्नोड्रॉप, स्नोफ्लेक. कंदात साठवलेल्या अन्नावर ही रोपे झाडांना पालवी फुटण्याआधीच फुलून घेतात. पण हा साठा उंदीर-घुशींनी खाऊ नये म्हणून त्यात विषही असते, आणि डॅफोडिलचा कंद दिसतो थेट आपल्या कांद्यासारखा.

२०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सुपरमार्केटना कळवले, की डॅफोडिल भाजी-फळांजवळ मांडू नका. कंद कांदा म्हणून, तर न उमललेले दांडे चिनी स्वयंपाकातल्या लसणीच्या पातीसारखी भाजी म्हणून लोकांच्या पोटात जात होते. त्यातल्या लायकोरिनमुळे थोड्याच वेळात मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. शिजवल्याने हे विष जात नाही.

ओळखायचे कसे? कांदा कापला की डोळ्यांत पाणी येते, डॅफोडिलला तो वास नाही. उलट त्याचा चिकट रस हाताला लागून खाज सुटते. फुले तोडणाऱ्या मजुरांना हा त्रास नेहमीचा. कांद्याची पात पोकळ नळीसारखी, डॅफोडिलची पाने चपटी आणि भरीव. फूल आलेले असेल तर प्रश्नच नाही, मधोमध तुतारी असते. (वनस्पतिशास्त्रज्ञ आता कांदा, लसूण आणि डॅफोडिल एकाच कुळात धरतात. आपला नागदवणाही त्यातलाच.)

स्नोड्रॉप आणि स्नोफ्लेक यांत मात्र जाणकारही गोंधळतात. दोन्ही पांढरी, मान खाली घातलेली. स्नोड्रॉपच्या तीन पाकळ्या मोठ्या आणि आतल्या तीन आखूड, त्यांवर हिरवा ठिपका. स्नोफ्लेकच्या सहाही सारख्या, प्रत्येकीच्या टोकाला ठिपका. स्नोड्रॉपमधूनच १९५०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी गॅलंटामाइन वेगळे केले. मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन ते मंदावते, म्हणून आज अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाते. आजार बरा होत नाही. काही रुग्णांत लक्षणे काही काळ सौम्य राहतात, एवढेच. वेल्समध्ये यासाठी डॅफोडिलची शेतीही होते. पण औषध मिलिग्रॅममध्ये मोजून द्यायचे असते, म्हणून कंद उकळून आजोबांना पाजायचा उद्योग कोणी करू नये.

खरी भीती मात्र वेगळ्याच कंदाची. मध्य युरोपात वसंतात लोक जंगलात जाऊन रानलसणीची पाने खुडतात. त्याच सुमारास ऑटम क्रोकसचीही पाने वर आलेली असतात. फुले शरदात येतात, त्यामुळे ओळखायला फूल नसते. इथे नाकही दगा देते, कारण चार पाने लसणीची खुडली की हाताला तोच वास लागतो आणि पाचवे पान कशाचेही असो, लसणीचेच वाटते. म्हणून देठ बघावा. रानलसणीचे प्रत्येक पान स्वतंत्र देठावर असते, क्रोकसची पाने देठाशिवाय एकाच जागेतून झुबक्याने निघतात.

त्यात कोल्चिसिन असते. गाऊटवर डॉक्टर तेच अगदी अल्प मात्रेत देतात. आपल्या कळलावीच्या गड्ड्यातही तेच असते आणि विषबाधेची तऱ्हाही तीच. आधी काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ते थांबल्यासारखे वाटून घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्यानंतरच्या दिवसांत अस्थिमज्जा, मूत्रपिंडे, हृदय कोलमडू लागते. सहज मिळेल असा उतारा नाही.

म्हणून असे काही पोटात गेल्याची शंका आली, तर उलटी होण्याची वाट पाहू नये आणि मिठाचे पाणी पाजून ती करवूही नये. लगेच रुग्णालय गाठावे. उरलेला कंद, पान, अगदी भाजीचे पातेलेसुद्धा सोबत न्यावे. डॉक्टरांना त्यावरून नेमके काय खाल्ले ते ओळखता येते.