मेंदूच्या लहरी आणि मोजमापाची कसोटी

ध्यानसाधनेचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी डोक्यावर विद्युतअग्रे लावून ईईजी काढतात. 1924 साली जर्मनीत हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. या लहरी व्होल्टच्या काही लाखांश भागाइतक्या क्षीण असतात. पापणीची एक उघडझापही त्यांना झाकोळून टाकते.

2004 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांना 8 तिबेटी साधकांच्या करुणाध्यानात 25 ते 42 हर्ट्झच्या गॅमा लहरी प्रबळ आढळल्या. आपल्याला साहजिकच आनंद झाला. परंतु 2007 साली ऑस्ट्रेलियात औषधाने स्नायू तात्पुरते निश्चल करून नोंद घेतली असता, 20 हर्ट्झच्या वरचा बराचसा संकेत कपाळ, मान यांसारख्या स्नायूंचा असल्याचे दिसले. यावरून साधकांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र स्नायूंचा अंश कसा वगळला, संदर्भबिंदू कोणता धरला, नोंदीचे कोणते तुकडे टाकून दिले आणि हे निर्णय निकाल पाहण्यापूर्वी घेतले होते का, हे विचारणे आवश्यक ठरते. पुन्हा मोजल्यावर तोच आकडा आला, एवढ्यानेही भागत नाही. रोज आवळला जाणारा जबडाही रोज तोच आकडा देईल.

केवळ परंपरा वा गुरुवचन म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. धम्माचा गौरव करणाऱ्या वार्तेलाही आपण हीच कसोटी लावली पाहिजे. विद्यार्थ्यांना आपण देऊ शकतो असा हा खरा वारसा आहे.