हापसा कसा घडत गेला

१९६०च्या दशकात दुष्काळी भागांत कठीण खडकातून बोअर घेणारी यंत्रं आली आणि खोलवरचं पाणी हाती लागलं. वर बसवलेले हापसे मात्र टिकेनात. बिडाचे ते पंप परदेशी शेतघरांतल्या पंपांच्या नकला होते, मूळ आराखडा एका कुटुंबापुरता. इथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अख्ख्या गावाची रांग. दांड्याची खीळ झिजायची, दांडा डुगडुगायचा, बीड तडकायचं, आणि बायका पुन्हा घागरी घेऊन लांबची विहीर गाठायच्या.

लोक नीट वापरत नाहीत, असं म्हणणं सोपं होतं. खरं तर गरजच चुकीची मोजली होती. ते आधी ओळखलं आपल्याकडच्या कार्यशाळांनी. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी पंप घडला, मग सोलापूर वेल सर्व्हिसने तो आणखी सुधारला. दांड्याच्या टोकाला लोखंडी कमान आणि तिच्यावरून साखळी. दांडा वरखाली झाला तरी बोअरमधली सळई सरळच ओढली जाते, म्हणून झीज कमी. 'पंप सारखा मोडतो' या तक्रारीला इतकं नेमकं उत्तर मी क्वचितच पाहिलं आहे.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफ, केंद्र सरकार, मद्रासची मेराडो संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी सोलापूरचाच पंप पायाला धरून 'इंडिया मार्क टू' तयार केला. बाईमाणसाला, पोरांना सहज हापसता यावं, दिवसभराची गर्दी सोसावी, आपल्याच साध्या कारखान्यांत बनावा, परवडावा, या अपेक्षा. त्यांतून सीलबंद बॉलबेअरिंग ठरलं, सांडलेलं पाणी बोअरमध्ये परत झिरपू नये अशी बैठक ठरली, प्रत्येक भागाचं माप ठरलं. कोइमतूरकडे पाणी फार खोल, तिथे नमुन्यांचा कस लागला. पुढे या पंपासाठी भारतीय मानक ९३०१ आलं.

दुरुस्ती करणाऱ्याची गरज मात्र या यादीत मागे पडली, हे मला आजही खटकतं. बोअरमध्ये खोल असलेल्या सिलिंडरमधला चामड्याचा वॉशर बदलायचा तर ३२ मिलिमीटरचे सगळे पाइप एकेक करून वर काढावे लागत. त्यासाठी पाइप उचलायची तिपाई म्हणजे घोडा, अवजारं, चार माणसं आणि तालुक्याहून येणारी गाडी हवी. १९८०च्या दशकात 'मार्क थ्री'मध्ये ६५ मिलिमीटरचा पाइप घेतला. सळईला धरून दट्ट्या वर ओढता येतो, पाइप जागेवरच राहतात. गावातलाच माणूस हे काम करू शकतो. पण तो पाइप जड आणि महाग, फार खोल बोअरला अवघड. त्यामुळे पुढेही बहुतेक ठिकाणी मार्क टूच बसत राहिला.