पुराचं पाणी दारात येत नसलं, तरी तयारी हवी

‘आमच्या घराला कधी पाणी लागत नाही, आम्हाला कशाला हवी आपत्कालीन पिशवी?’ कोल्हापूर-सांगलीच्या उंच भागात हे हमखास ऐकू येतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. तेव्हा पाणी ५५ फुटांवर गेलं. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली आणि ज्यांच्या गल्लीत पूर फिरकलाही नव्हता, त्यांचेही नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्यानं पेट्रोल, दूध, भाजी मिळेना. म्हणून तयारी दोन प्रकारची लागते: घर सोडावं लागलं तर उचलायची पिशवी, आणि घरातच अडकलो तर पुरेल असा साठा.

साठ्यात पहिलं पाणी. पिण्यासाठी आणि जेवणखाणासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरा. चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी ४८ लिटर झाले. एक कळशी भरून भागत नाही.

‘तुरटी फिरवली की पाणी शुद्ध’ हा सगळ्यात घातक गैरसमज, कारण पाणी खरोखरच नितळ दिसतं. तुरटीनं गाळ तळाशी बसतो, पण पाणी पिण्याजोगं होत नाही. कावीळ आणि जुलाबाचे जंतू त्यात राहू शकतात. तरीही तुरटी फेकून देऊ नका. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळ बसवायचा, वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि मग खळखळून उकळायचं. गॅस वाचवायचा असेल तर मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच घालायची आणि अर्धा तास थांबायचं.

खाण्याचं म्हणाल तर नूडल्सच्या पाकिटांवर भिस्त नको. त्यांना पाणीही लागतं आणि गॅसही. चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, चटणी आणि कडक भाकरी विस्तवाशिवाय खाता येते. जयसिंगपूरच्या भडंगाइतकं सोयीचं खाणं दुकानातल्या महागड्या ‘इमर्जन्सी किट’मध्येही सापडणार नाही.

‘कागदपत्रं कपाटात सुरक्षित आहेत.’ कपाट तळमजल्यावर असेल तर नाहीत. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्यानं दिलेला दाखला कायद्यानं मूळ प्रतीइतकाच ग्राह्य असतो. आपण स्वतः चढवलेल्या फोटोला तो दर्जा नाही. घराचे, जमिनीचे मूळ कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून पिशवीतच हवेत.

रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या आठवडाभराच्या ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिन थंड ठेवायचं, पण बर्फाला टेकवायचं नाही. गोठलं की ते निकामी होतं.

‘एकदा पिशवी भरली की काम झालं’ हेही खरं नाही. टॉर्चमधले सेल गळतात, पॉवर बँक उतरते, ओआरएसची मुदत संपते. दरवर्षी मेअखेरीस पिशवी उघडून बघा. घरातल्या सगळ्यांचे फोन नंबर, ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, हे कागदावर लिहून आत टाका. आणि पिशवी उंच, कोरड्या जागी ठेवा, पण घरातल्या आजींचाही हात पोहोचेल इतक्याच उंचीवर.